न चुकलेले वळण

"माता मागे फिरत नाही," असे बाई म्हणत, आणि ते केवळ श्रद्धेचे विधान नसे. ती वाहतुकीची सूचनाही असे. एकदा आमच्या गल्लीत समोरून फरशांनी भरलेला टेम्पो आला. बाईंच्या हातात मरियामातेच्या मूर्तीच्या काचेच्या पेटीची एक कडी होती आणि मागे मेणबत्त्या घेतलेली माणसे होती. चालकाने मान बाहेर काढून जरा मागे सरका असे सांगितले. बाई तसूभरही हलल्या नाहीत. "माता मागे फिरत नाही. तुमचा टेम्पो फिरतो ना? मग तो फिरवा."

टेम्पो पार मुख्य रस्त्यापर्यंत मागे गेला. त्याच्या काचेवर गणपतीचे चित्र होते. आम्ही शेजारून पुढे गेलो तेव्हा चालकाने इंजिन बंद करून छातीला हात लावला. बाईंनी त्याला मान तुकवून दाद दिली, जणू हाताखालच्या माणसाने काम वेळेवर केले होते.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांना कोणी कधी कशावर नेमलेले नसते, तरी त्यांच्यावाचून ते काम होत नाही. पुण्यात लष्कराच्या बाजूला आमची पॅरिश, म्हणजे आमच्या चर्चची वस्ती, आहे. तिथे ऑक्टोबर महिनाभर मरियामातेची मूर्ती घरोघर मुक्कामाला जाते. संध्याकाळी ती एका घरातून निघते, दुसऱ्या घरी पोचते, तिथे सगळे मिळून जपमाळ करतात, नंतर उकडलेले चणे आणि खोबरे वाटले जाते, आणि रात्रभर मूर्ती त्या घरात राहते. ज्या घरी तिने रात्र काढली, त्या घराने तिला पुढच्या दारी स्वतः पोचवायचे, असा नियम. पेटीच्या एका बाजूची कडी त्या घरच्या माणसाने धरायची. दुसऱ्या बाजूची बाई धरत. का, हे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही.

बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. ट्रंक कॉल जोडण्याचे काम त्यांनी उमेदीच्या काळात केले होते, आणि तेव्हापासून कमी शब्दांत बोलण्याची सवय त्यांना जडली होती. लग्न केले नव्हते. उंची बेताची, साडी सुती, आवाज मात्र खणखणीत. मी न्यायालयात लघुलेखक होतो, म्हणून मला त्या "अहो लघुलेखक" अशीच हाक मारत. पॅरिशच्या बैठकीत मी एखादा मुद्दा सविस्तर मांडू लागलो की त्या म्हणत, "अहो लघुलेखक, नावाला जागा." मी त्यांचे हे बोलणे कधी मनावर घेतले नाही. मुद्दा मात्र पूर्ण करून मगच बसलो.

मूर्ती यायची म्हणून लोक घरे रंगवून घेत. एका घरात दूरदर्शन संचावर चादर टाकून ठेवली होती. बाईंनी चादरीचे टोक उचलून पाहिले आणि परत सोडले. "तिला सगळं माहीत आहे. मालिका कुठली चालू आहे तेसुद्धा." दुसऱ्या एका उत्साही तरुणाने मूर्तीभोवती उघडझाप करणाऱ्या दिव्यांची माळ लावली. बाईंनी विचारले, "आईला मुक्कामाला बोलावलंय, की हॉटेल काढलंय?" माळ उतरली. तो तरुण आज त्याच पॅरिशच्या गायकवृंदात आहे आणि ही गोष्ट स्वतःच हसत सांगतो.

गेल्या वर्षी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात बाई वारल्या. मी तेव्हा इथे, कॅनडात, मुलीकडे होतो. पत्नीच्या निधनानंतर मी इथेच असतो. अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. त्यानंतर पॅरिशच्या व्हॉट्सॲप गटावर आठवणींचा पूर आला, आणि तो वाचून मी हे लिहावयास बसलो. त्या आठवणींत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येत होता, आणि प्रत्येक वेळी चुकीचा.

एका सद्गृहस्थांनी लिहिले की बाईंना मोतीबिंदू होता, अंधारात त्यांचे वळण चुकले आणि मूर्ती भलत्याच घरी गेली. पण बघा, देवाची करणी! एका भगिनीने लिहिले की बाईंना चालता चालता दृष्टांत झाला. तिसऱ्याने लिहिले की फादरांनीच बाईंना तिकडे जाण्यास खाजगीत सांगितले होते. या तिघांपैकी एकही त्या वेळी त्या वळणावर नव्हता. मी होतो. पेटीची दुसरी कडी माझ्या हातात होती. जन्मभर मी साक्षी उतरवून घेतल्या. ऐकीव साक्षीची किंमत मला ठाऊक आहे.

मोतीबिंदूचा मुद्दा आधी निकालात काढतो. बाईंच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया त्या प्रसंगापूर्वीच झाली होती, आणि त्यानंतर त्या माझ्या सदऱ्याचे तुटलेले बटण रस्त्याच्या पलीकडून पाहत. फादर त्या आठवड्यात पुण्यातच नव्हते. दृष्टांताविषयी मी इतकेच म्हणेन की तो शब्द ऐकून बाईंनी त्या भगिनीकडे ज्या नजरेने पाहिले असते, ती नजर मला इथूनही दिसते.

आता प्रसंग. तो समजण्यासाठी आमचे चर्च कसे होते हे सांगणे भाग आहे. इथे मी ज्या चर्चमध्ये जातो ते उबदार आहे. खाली गालिचा आहे, आत शिरताना कोणाच्या पावलांचा आवाज होत नाही. मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की कॉफी मिळते. फादर सज्जन आहेत आणि मला नावाने ओळखतात. तक्रार काही नाही. पण माझी मान वर जात नाही. पुण्यात ती आपोआप वर जायची. रिक्षांचे भोंगे, दुधाच्या क्रेट्सचा खडखडाट, कोणाचे तरी भांडण, यांतून दार ओलांडून आत पाऊल टाकले की डोक्यावर इतकी उंची उघडायची की माणूस बोलता बोलता थांबे. थंडीत पहाटेच्या मराठी मिस्सेला आम्ही शाली आणि कानटोप्या घालून बसत असू. दगडी भिंतींत रात्रीचा गारवा साठलेला असे. आणि मग वेदीमागच्या रंगीत काचांना ऊन लागे. तो लाल आणि निळा उजेड आधी खांबांवर, मग बाकांवर, मग पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या पदरांवर उतरे. मी तो लहानपणापासून पाहिला, आणि म्हातारा होईपर्यंत त्याची सवय झाली नाही.

त्या पुढच्या रांगेत फिलोमिना बसे. शाळेत शिवण शिकवणारी, विधवा, एकुलता मुलगा. चर्चमध्ये जपमाळेची सुरुवात बहुधा तीच करत असे, कारण तिचा आवाज शांत होता आणि त्यामागून सगळ्यांना बोलता येई. तिच्या मुलाने कॉलेजच्या शेवटच्या वर्षात स्वतःचे आयुष्य संपवले. का, ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असे ते सांगतात त्यांनाही माहीत नाही. पूर्वी चर्च अशा मृताला विधी नाकारत असे, पण फादरांनी त्याचा अंत्यविधी पूर्ण सन्मानाने केला. त्यात काही उणे ठेवले नाही. उणे राहिले ते नंतर, चर्चच्या पायऱ्यांवर. फिलोमिना आली की तिथला बोलणारा घोळका गप्प होई आणि तिला वाट देण्यासाठी जरा जास्तच बाजूला सरके. काही रविवारांनंतर ती येईनाशी झाली.

मूर्तीच्या मुक्कामाचा क्रम पॅरिश समितीचे सेक्रेटरी ठरवत. पुढच्या ऑक्टोबरात फिलोमिनाचे घर त्यात नव्हते. बाईंनी बैठकीत विचारले. कोणीही नाही म्हणाले नाही. पुण्यात नाही म्हणण्याची पद्धत निराळी आहे. "आत्ता नको, त्यांना त्रास होईल," असे सगळे म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. बाईंनी तेव्हा एवढेच विचारले की त्रास होतो की नाही हे तिला कोणी विचारले आहे काय. विषय पुढच्या मुद्द्यावर गेला. तो मुद्दा मांडवाच्या ताडपत्रीचा होता, हे मला पक्के आठवते.

सेक्रेटरी वाईट गृहस्थ नव्हते. चर्चच्या छताची दुरुस्ती त्यांनीच पाठपुरावा करून घडवली. पण आपल्या घरची गोष्ट आली की माणसाला ती नीट व्हावीशी वाटते, आणि त्या संध्याकाळी मूर्ती माझ्या घरून त्यांच्या घरी जायची होती. त्यांनी उंबरठा धुऊन रांगोळी काढून घेतली होती आणि आजूबाजूच्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांनाही बोलावले होते. सेक्रेटरीणबाईंनी मोठे पातेले भरून चणे उकडले होते.

आम्ही माझ्या घरून निघालो. पत्नीचे गुडघे दुखत होते, म्हणून कडी मी धरली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. गिरणीपाशी उजवीकडे वळले की सेक्रेटरींचे घर, डावीकडे गेले की आधी एक सायकलचे दुकान आणि मग फिलोमिनाच्या दोन खोल्या. गिरणीपाशी पेटी डावीकडे ओढली गेली असे मला जाणवले. मी हळूच म्हणालो, "बाई, उजवीकडे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि डावीकडे चालू लागल्या.

ही माझी साक्ष आहे. ज्याला वळण चुकले म्हणायचे आहे त्याने या दोन शब्दांचे उत्तर द्यावे.

कोणी विचारेल की मी का वळलो. पेटीची एक कडी डावीकडे निघाली असता दुसरीने उजवीकडे जाणे शक्य नसते. शिवाय मला बाईंचा चेहरा दिसत होता, तो मागच्यांना दिसत नव्हता. टेम्पोसमोर जो चेहरा असे, तो हा नव्हता. त्या घाबरलेल्या होत्या. बाईंना घाबरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. आणि घाबरलेले असूनही पाऊल एकसारखे पडत होते. आपण काय करीत आहोत आणि त्यात काय बिघडू शकते, हे त्यांना पुरते कळत होते. समजा फिलोमिनाने दार लावून घेतले असते, तर सगळ्या पॅरिशच्या देखत लावले गेले असते, आणि मग ते पुन्हा कधी उघडले नसते.

दार वाजवल्यावर फिलोमिना बाहेर आली ती पिठाच्या हातांनी. अंगावर घरातला गाऊन. समोर मूर्ती, मेणबत्त्या आणि गप्प उभी राहिलेली माणसे पाहून ती एक पाऊल मागे सरकली. आपल्याकडे नको, घर झाडलेले नाही, पांढरे कापड नाही, मेणबत्तीसुद्धा नाही, असे ती भराभर म्हणत होती, आणि तिचा हात दाराच्या कडीवर होता.

बाईंनी काचेतून मूर्तीकडे पाहिले, मग तिच्याकडे. आणि फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फिलू, हिचाही मुलगा गेलाय. आत घे तिला."

तुम्ही आणि मी लहानपणापासून अशा मूर्तीपुढे गुडघे टेकले. निळा झगा, जोडलेले हात, पायाशी साप, हे सगळे आपल्याला पाठ होते. तिचा मुलगा तरुणपणी गेला, लोकांच्या देखत गेला, आणि लोकांनी तेव्हाही तोंडे फिरवली, हेही आपण दर शुभ शुक्रवारी, गुड फ्रायडेला, ऐकत आलो. पण ती बाई त्या गल्लीत, त्या दारात, दुसऱ्या तशाच बाईला भेटायला येऊ शकते, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. हातातली पेटी एकाएकी जड झाली. मी मराठीत बराच शब्दसंग्रह बाळगून आहे. त्या क्षणासाठी त्यात शब्द नाही.

फिलोमिनाने कडीवरचा हात काढला. शिवणयंत्रावरचे कापड बाजूला करून तिने जागा केली. मूर्ती यंत्रावर बसली.

मागची माणसे दारात अडली होती. तेवढ्यात बातमी ऐकून सेक्रेटरी लगबगीने आले. त्यांनी सभ्य आवाजात सांगितले की अंधारात अशी चूक कोणाचीही होते, अजून उशीर झालेला नाही, तिकडे सगळी तयारी आहे, तेव्हा मूर्ती उचलू या.

"चूक झालेली नाही," बाई म्हणाल्या. "आणि माता मागे फिरत नाही."

या वाक्याला आम्ही वर्षानुवर्षे हसत आलो होतो. सेक्रेटरीही हसत. पण नियम त्यांनाही मान्य होता. त्यांच्याच वडिलांच्या वेळेपासून तो चालत आला होता. ते घरी गेले. काहींनी गटावर लिहिले आहे की त्यांनी मोठ्या मनाने चणे तिकडे पाठवले. चणे आले, हे खरे. पातेले दारात ठेवून आणणारा आत न येता परत गेला, हेही खरे. दोन्ही नोंदवून ठेवावे.

त्या संध्याकाळी, खरे तर माझी पाळी असून, जपमाळ बाईंनीच केली. फिलोमिना भिंतीशी बसून राहिली, तिचे ओठ हलले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा तिने मला विचारले, उद्या मूर्ती कोणाकडे न्यायची. मी सेक्रेटरींकडे म्हणालो. ती बाईंकडे पाहू लागली. बाई चपला घालण्यात गुंतल्या होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले की बाईंनी काय केले आहे. मूर्ती घरात नेणे हे अर्धेच काम होते. आता नियमाप्रमाणे फिलोमिनाला ती हातात घेऊन घराबाहेर पडणे, गल्ली ओलांडणे आणि सेक्रेटरींच्या दारात उभे राहणे भाग होते. आणि सेक्रेटरींना ती तिच्याच हातून घेणे भाग होते.

दुसऱ्या संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त माणसे जमली. बघायला आली होती, असे मी स्पष्ट म्हणतो. कोणाला राग आला तर येवो. फिलोमिना पांढरी साडी नेसून बाहेर आली. पेटीची एक कडी तिने धरली आणि दुसऱ्या कडीसाठी बाईंकडे पाहिले. बाईंनी मला खूण केली. मी पुढे झालो. बाई मागे, माणसांच्या घोळक्यात गेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना मूर्तीच्या मागून चालताना पाहिले ते त्या दिवशीच.

आम्ही गिरणीपाशी आलो. गिरणीवाल्याने पट्टा बंद केला. सेक्रेटरींच्या दारात सेक्रेटरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केले, आणि पेटी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले की नाही, हे मी सांगू शकत नाही. माझ्या आणि त्यांच्या मध्ये पेटी होती. आत मूर्ती मांडली गेली. ज्या घराने मूर्ती आणली त्या घराने जपमाळेची सुरुवात करावी, अशी आमची रीत आहे. सगळे फिलोमिनाकडे पाहून थांबले. मी गर्दीमुळे दारापाशीच राहिलो होतो आणि माझ्या शेजारी, उंबरठ्याबाहेर, बाई उभ्या होत्या.

फिलोमिनाने सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. नमो मरिये म्हणून ती पुढे गेली, स्त्रियांमध्ये तू धन्य इथपर्यंत आली, आणि थांबली. पुढचे शब्द आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पुढे तुझ्या उदराचे फळ असे शब्द येतात.

त्या खोलीत शेजारच्या घरातल्या कुकरची शिटी ऐकू आली. कोणीतरी मागून ते शब्द भरून काढण्यासाठी तोंड उघडले. बाईंनी हात वर केला. तळवा नुसता उभा धरला, आणि ते तोंड मिटले. गटावर लिहिले आहे की शेवटी सेक्रेटरीणबाईंनी प्रार्थना पूर्ण केली. ते खरे नाही. कोणीही मदत केली नाही, कारण बाईंनी करू दिली नाही. आम्ही उभे होतो आणि वाट पाहत होतो, आणि त्या दिवाणखान्यात, पंख्याखाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये, मला पहाटेच्या त्या चर्चइतकी उंची डोक्यावर जाणवली.

मग फिलोमिनाने ते शब्द उच्चारले. सावकाश, एकेक, सगळे.

त्यावर घरातून, जिन्यावरून, गल्लीतून सगळ्यांनी म्हणायचे उत्तर एकदम उठले, इतके मोठे की खिडकीची तावदाने थरथरली. पुढची प्रार्थना सुरू झाली, तिच्या पुढचीही. बाईंचा हात मात्र तसाच वर होता. तो खाली घ्यायचे त्या विसरून गेल्या होत्या.